अर्ध्या मिनिटाचें वाङ्मय

साबण, दंतमंजन आणि स्कूटर यांच्या जाहिरातींचा विचार वाङ्मयविषयक मासिकाच्या पानांत कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि तो अगदींच अनाठायीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. माल खपविणें हाच जिचा हेतु, ती कृति कलेच्या दरबारांत मानाची जागा कोणत्या तोंडानें मागणार? परंतु ज्यांचें बालपण दूरदर्शनच्या एकुलत्या एका वाहिनीपुढें गेलें, अशी चार माणसें एकत्र बसवावीं आणि जुन्या जाहिरातींचा विषय काढावा. शाळेंत पाठ केलेली कविता ज्यांस दोन ओळींपलीकडे आठवत नाहीं, तेहि धुण्याच्या पावडरीचें गाणें चालीसकट म्हणून दाखवितात. जें इतक्या लोकांच्या तोंडीं बसलें, त्याची परीक्षा टीकाकारानें टाळावी हें योग्य नव्हे.

या लोकप्रियतेंतून एक मोठी रक्कम मात्र आरंभींच वजा केली पाहिजे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र १९७२ सालीं सुरू झालें, दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १९७६ सालीं, आणि चित्र रंगीत झालें १९८२ सालीं. पुढें १९८४ सालीं 'हम लोग' ही मालिका 'मॅगी'च्या पुरस्कारानें दिसूं लागली आणि मालिका व जाहिरात यांची गांठ पक्की झाली. वाहिनी एक, वेळ एक, आणि चाळीच्या एका मजल्यावर बहुधा संचहि एकच. मुलें पुढें जमिनीवर, बायका खाटेवर, पुरुष दाराशीं उभे, अशा त्या सभेंत जें लागेल तें सर्वांनीं पाहावयाचें. अशा सक्तीच्या श्रोत्यांना एखादें गाणें पाठ झालें तर त्यांत गाण्याचा गुण किती आणि नाइलाज किती? आज ज्याला आम्ही जाहिरातींचें प्रेम म्हणतों, त्यांतील बराच भाग त्या खाटेचें, त्या शेजाराचें आणि आतां हयात नसलेल्या माणसांचें प्रेम आहे. तें वजा केल्यावर कांहीं शिल्लक उरतें काय, हाच खरा प्रश्न.

तें ठरविण्यास आम्ही एक साधी कसोटी सुचवितों. जाहिरात पाहून ज्यानें माल घेतला त्याला माल मिळाला. त्याचा हिशेब तेथेंच मिटला. परंतु ज्यानें माल घेतलाच नाहीं, त्याच्या पदरांत काय पडलें? त्याच्याहि पदरांत कांहीं पडलें असेल, तर तेवढ्यापुरती ती जाहिरात आपल्या धन्याची चाकरी ओलांडून पलीकडे गेली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

'निरमा'चेंच उदाहरण घेऊं. करसनभाई पटेल यांनीं १९६९ सालीं अहमदाबादेंत ही पावडर विकावयास आरंभ केला आणि आपल्या निरुपमा नांवाच्या मुलीवरून तिला नांव दिलें. तिच्या गाण्यांत शब्द थोडे, चाल पायरीपायरीनें चढणारी, आणि मध्येंच शेजारणींना हांक मारावी तशीं चार स्त्रियांचीं रोजचीं नांवें. बडबडगीताचा सारा गुण त्यांत आहे. न घेणाऱ्याला एक गाणें मिळालें. त्यांत माणूस म्हणून कोणी उभें राहात नाहीं. तरी गाणें मिळालें, हें कमी नव्हे.

माणूस उभें राहिलें तें त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडून. 'निरमा'च्या स्वस्ताईला उत्तर म्हणून 'सर्फ'च्या जाहिरातींत ललिताजी अवतरल्या. लिंटासचे अलीक पदमसी हे त्या पात्राचे जनक. भूमिका कविता चौधरी यांची, ज्यांनीं पुढें 'उडान' ही मालिका स्वतः लिहून, दिग्दर्शित करून तींत प्रमुख भूमिकाहि केली. ललिताजी सुंदर दिसण्याची खटपट करीत नाहींत आणि विनाकारण हंसतहि नाहींत. भाजी पारखून आणि भाव पाडून घेणारी बाई महाग पावडर कशी घेते, असें त्यांना विचारलें जातें, आणि त्या त्रैराशिक मांडून उत्तर देतात. काटकसर म्हणजे कद्रूपणा नव्हे, ती बुद्धि आहे, हें अर्ध्या मिनिटांत सिद्ध होतें.

येथें एक घरगुती आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमची आई चार आण्यांसाठीं भाजीवाल्याशीं हुज्जत घालीत असे, आणि आम्ही पिशवी धरून शेजारीं मान खालीं घालून उभे राहात असूं; शाळेंतलें कोणी पाहील ही भीति. एका संध्याकाळीं शेजाऱ्यांकडे ती जाहिरात लागली. आई एवढेंच म्हणाली, "हिला घर चालवतां येतं." दुसऱ्या दिवशीं मंडईंत आमची मान खालीं गेली नाहीं. आईनें 'सर्फ' मात्र घेतलें नाहीं. तिनेंहि आपलें त्रैराशिक मांडलें आणि नेहमीची साबणाची वडीच चालू ठेविली. कंपनीच्या दृष्टीनें ती जाहिरात आमच्या घरीं फुकट गेली. आमच्या दृष्टीनें तिच्याइतकें मोलाचें त्या वर्षांत आम्हीं दुसरें कांहीं पाहिलें नाहीं.

'हमारा बजाज' ही मालिका १९८९ सालची. एके काळीं या स्कूटरसाठीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. असल्या मालाला जाहिरात कशाला? पण तोंवर जपानी सहकार्याच्या मोटारसायकली रस्त्यावर आल्या होत्या, आणि पुण्याजवळच्या आकुर्डीच्या या कारखान्यानें आपली जुनी ओळख पुढें केली. निरनिराळ्या प्रांतांतलीं, निरनिराळ्या वयांचीं साधीं माणसें आणि त्यांची एकच गाडी. त्या चित्रांत निरोपाची छाया पहिल्या दिवसापासून होती. दोनच वर्षांनीं, १९९१ सालीं, देशाचें आर्थिक धोरण बदललें. ज्याच्याजवळ स्कूटर नव्हती, त्यालाहि त्या मिनिटभरांत आपण कोणी आहों असें वाटलें. तोच त्याचा लाभ.

यानंतर वारें फिरलें. १९९४ सालच्या 'कॅडबरी'च्या जाहिरातींत हिशेब नाहीं, पारख नाहीं. नव्याण्णव धावांवरचा फलंदाज षट्कार मारतो, आणि त्याची मैत्रीण पहारेकऱ्याला चुकवून मैदानांत धांवत येते व नाचते. नाच कसाबसा, शिकवण कोणाची नाहीं, आणि म्हणूनच खरा. शब्द पीयूष पांडे यांचे, आवाज शंकर महादेवन यांचा. चॉकलेट हा मुलांचा खाऊ, ही समजूत मोडून तें मोठ्यांच्या हातीं देणें हा मूळ बेत. परंतु न घेणाऱ्यालाहि एक दृश्य मिळालें: चारचौघांत, परवानगीवांचून, आनंद करणारी मुलगी. ललिताजींनीं गृहिणीच्या विवेकाला मान दिला, हिनें तो विवेक घटकाभर बाजूला ठेवण्याची मुभा दिली. दोन्ही देणीं आम्हांस सारखींच मोलाचीं वाटतात.

आतां दुसरी बाजू. हीच कसोटी लावली असतां पुष्कळ जुन्या जाहिराती नापास होतात, आणि स्मृतीच्या लोभानें तें लपविणें बरें नव्हे. गोरेपणाच्या मलमांनीं, न घेणाऱ्या सांवळ्या मुलीच्या पदरांत काय टाकलें? केवळ कमीपणा. 'फेअर अँड लव्हली'नें आपल्या नांवांतला 'फेअर' हा शब्द गाळला तो २०२० सालीं, म्हणजे कित्येक पिढ्यांच्या मुलींनीं आरसा पाहून झाल्यावर. आणि ज्या ललिताजींची आम्हीं एवढी स्तुति केली, त्यांच्याहि घरांत कपडे धुण्याची चिंता बाईनेंच वाहावयाची, याविषयीं कोणाला कांहीं वाटलें नाहीं, आम्हांसहि नाहीं. आई हिशेब करी, धुणेंहि तीच धुई, आणि आम्ही तिच्या हिशेबाचा अभिमान बाळगून स्वच्छ सदरा घालीत असूं.

म्हणून २०२१ सालीं 'कॅडबरी'नें आपल्याच जुन्या चित्राची जी नवी आवृत्ति काढली, तिला आम्ही उत्तम टीका समजतों. गाणें तेंच, षट्कार तोच. मात्र फलंदाज मुलगी, आणि मैदानांत नाचत येणारा मुलगा. जुन्या कृतीवर इतकें प्रेम आणि तिच्या उणेपणाची इतकी अचूक जाणीव एकाच अर्ध्या मिनिटांत बसूं शकते, हें पाहून निबंध लिहिणाऱ्या आम्हां लोकांस थोडें ओशाळावें लागलें.

जुन्या जाहिराती पुन्हां पाहाव्यात, घरच्या मुलांसहि दाखवाव्यात; परंतु 'तेव्हां सारें चांगलें होतें' असें म्हणून दाखवूं नये. आमच्यापुरतें सांगावयाचें तर, ललिताजी आज दिसल्या कीं त्यांच्या पिशवीमागें आम्हांस दुसरी एक पिशवी दिसते. ती आम्हीं नुसती धरली होती. तींतलें ओझें कोणाचें होतें, हें समजण्यास फार वर्षें लागलीं.