एका डॉलरचे वकीलपत्र

न्यायालयावरील कथा-कादंबऱ्यांत मूल येते ते बहुधा वादाचा विषय म्हणून. आई त्याला मागते, बाप त्याला मागतो, कधी सरकार मागते, आणि मूल बाहेरच्या बाकावर बसून राहते. जॉन ग्रिशम यांची ‘द क्लायंट’ ही १९९३ सालची इंग्रजी कादंबरी हा रिवाज मोडते. तिच्या नावातला अशील ११ वर्षांचा आहे. विमानतळावर विकत घ्यावी आणि प्रवास संपता संपता संपवावी अशा जातीचे हे पुस्तक आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. तथापि मुलाचा वकील म्हणजे कोण, हा प्रश्न या रंजक पुस्तकाने अनेक गंभीर ग्रंथांपेक्षा नीट मांडला आहे. आणि त्याच प्रश्नाच्या अवघड टोकाशी ते कचरलेही आहे.

कथानक थोडक्यात असे. मेम्फिस शहराच्या कडेला, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहणारा मार्क आपल्या ८ वर्षांच्या भावाला, रिकीला, घेऊन रानात चोरून सिगारेट ओढायला जातो. तेथे एक वकील स्वतःच्या मोटारीत जीव देण्याच्या तयारीत असतो. मरण्यापूर्वी तो मार्कला एक गुपित सांगतो : खून झालेल्या एका सिनेटरचे प्रेत कोठे दडवले आहे ते. आता सरकारी वकिलाला ते गुपित हवे असते आणि गुन्हेगारांना मार्कचे तोंड बंद हवे असते. आई दिव्यांच्या कारखान्यात राबणारी, नवऱ्यापासून सुटलेली. मार्क एकटाच वकील शोधत हिंडतो आणि रेजी लव्ह या बाईंच्या कचेरीत शिरतो. खिशातला एक डॉलर ही त्याची फी.

हा डॉलर रेजी घेते, हे आम्हांला कादंबरीतले सर्वांत महत्त्वाचे कृत्य वाटते. फुकट मदत केली असती तर ती दया झाली असती. डॉलर घेतला म्हणून ते वकीलपत्र झाले, आणि पोरगा उपकाराखालचा न राहता अशील झाला. ती त्याला सांगते की तू बोलशील ते माझ्यापाशीच राहील. पुढे काय होऊ शकते तेही ती लपवत नाही. रेजीने स्वतःच्या घटस्फोटात आपली मुले गमावली आहेत. एखाद्या सामान्य लेखकाने तिला मार्कची दुसरी आई करून टाकले असते. ग्रिशमही त्या मोहाच्या जवळून जातात, पण पहिल्या अर्ध्या भागात तरी ती वकीलच राहते.

त्या भागातला उत्तम प्रसंग ध्वनिमुद्रणाचा आहे. केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी मुलाला एकट्याला गाठतात. मला वकील लागेल का, असे तो विचारतो. ते गोड बोलून त्याला परावृत्त करतात. हे सारे बोलणे मुलाच्या अंगावर लपवलेल्या यंत्रात नोंदले गेलेले असते. नंतर रेजी ती फीत त्यांच्यापुढे ठेवते, तेव्हा वाचकाला हसू येते. पण हसता हसता तो शहारतोही. मुलाशी प्रेमाने बोलणे म्हणजे त्याचा मान राखणे नव्हे, हे येथे कोणत्याही भाषणाविना समजते. ग्रिशम स्वतः मिसिसिपीत वकिली केलेले गृहस्थ. हा प्रसंग त्या अनुभवातून आला असावा, असा आमचा तर्क.

आता उणे. मार्क हा मूल कमी आणि आखूड प्रौढ अधिक आहे. दूरदर्शनवरील मालिका पाहून तो कायदा शिकलेला, हजरजबाबी, अधिकाऱ्यांना पुरून उरणारा. त्याचे म्हणणे ऐकणे सोपे आहे, कारण ते मोठ्यांच्या भाषेत येते. मोठ्यांच्या भाषेत न बोलणाऱ्या मुलाचे काय? असे मूल याच पुस्तकात आहे. रानातला मृत्यू पाहून रिकीची वाचा जाते. तो अंथरुणात अंगाची मुटकुळी करून, अंगठा चोखत पडून राहतो. लेखकाने त्याला इस्पितळात ठेवले ते कथानकाला मार्क मोकळा हवा म्हणून. रिकीच्या मनाचा ठाव घेणारे एक प्रकरण असते, तर ही कादंबरी थोर झाली असती.

याच्या उलट टोकाला १९७९ सालचा रॉबर्ट बेंटन यांचा ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ हा चित्रपट आहे. ताब्याचा दावा बाप हरतो. अपील करायचे तर लहानग्या बिलीला साक्षीला उभे करावे लागेल, असे वकील सांगतो, आणि बाप अपील सोडून देतो. हे पाहून प्रेक्षकांचे डोळे भरतात, आमचेही भरले. पण पिंजऱ्यापासून बिलीला वाचवले म्हणजे त्याचे ऐकले, असे होत नाही. साऱ्या खटल्यात त्याच्या बाजूने कोणीच उभे नाही. शेवटचा निर्णयही आईच्या मनाचा मोठेपणा आहे; मुलाला तो नंतर कळवायचा असतो.

हा केवळ अमेरिकेचा प्रश्न नाही. आपल्या समाजातील घटस्फोटाचे दावे ज्या १८६९ च्या कायद्याखाली चालतात, तो मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांबाबत न्यायालयाला अधिकार देतो. मुलाला विचारण्याबद्दल मात्र त्यात शब्द नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा त्या मानाने उदार : समज आलेल्या अज्ञानाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, असे त्याचे १७ वे कलम म्हणते. त्यामुळे न्यायाधीश पुष्कळदा मुलाला आपल्या दालनात बोलावून विचारपूस करतात. पण आदल्या रात्री कोणी काय पढवले, हे अर्ध्या तासात उमगावे कसे? २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी पुढे गेला. त्याच्या ३३ व्या कलमानुसार वकिलांनी आपले प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायालयाने ते मुलाला विचारायचे. ४० व्या कलमाने मुलाच्या कुटुंबाला वा पालकाला आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क दिला. बालहक्कांचा १९८९ चा जागतिक करार मुलाचे म्हणणे थेट किंवा प्रतिनिधीमार्फत ऐकावे असे सांगतो. परमधर्मपीठाने त्यास १९९० मध्ये मान्यता दिली, भारताने १९९२ मध्ये. मार्कच्या देशाने १९९५ मध्ये सही केली, अनुमोदन अद्याप दिलेले नाही.

अमेरिकेतील वकीलवर्गात या कामाच्या दोन रीती आहेत. एक, मुलाला काय हवे ते मांडणे. दुसरी, मुलाचे हित कशात आहे ते मांडणे. रेजी पहिलीला बांधलेली. न्यायाधीश हॅरी रुझवेल्ट दुसरीकडे झुकणारे. मुलाला जपण्यासाठीच ते त्याला कोठडीत ठेवतात, आणि साक्षीत तो उत्तर देईना तेव्हा पुन्हा तेथेच धाडतात. या दोघांतला झगडा हा कादंबरीचा खरा गाभा होता. ग्रिशम तो ऐन रंगात टाकून देतात आणि मार्कला कोठडीतून पळवतात. मग प्रेत जागेवर आहे की नाही ते पाहायला मार्क न्यू ऑर्लीन्सला निघतो, आणि वकीलबाई त्याच्याबरोबर जातात! येथे आमचे त्यांच्याशी बिनसले. अशिलाचे म्हणणे न्यायालयात निष्ठेने मांडणे निराळे, आणि ११ वर्षांच्या पोराला खुन्यांच्या वाटेवर सोबत करणे निराळे. नको म्हणण्याचे धैर्य नसलेला वकील मुलाचा मान राखतो, असे आम्हांस वाटत नाही. १९९४ च्या चित्रपटात सुसान सॅरंडन यांच्या अभिनयाने ही फट काहीशी झाकली जाते. पुस्तकात ती उघडी आहे.

अखेरीस सरकारशी सौदा होतो. गुपिताच्या बदल्यात संरक्षण, नवी नावे, नवे गाव. मार्कच्या वतीने रेजी एकेक अट लावून धरते, आणि ती बोलणी वाचताना वकिलीचे कसब पाहिल्याचा आनंद मिळतो. त्याच सौद्यात रिकीचेही नाव बदलायचे ठरते.