बरोक वाद्यवृंद आणि महोत्सवाचे व्यासपीठ : ‘कोन्सेन्टुस मुझिकुस’च्या सादरीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
युरोपीय संगीताच्या इतिहासात साधारणतः इ.स. १६०० ते १७५० हा कालखंड ‘बरोक’ म्हणून ओळखला जातो. या काळातील रचना तत्कालीन वाद्यांवर व तत्कालीन वादनरीतीने सादर करण्याची चळवळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रभावी ठरली. निकोलाउस हार्नोनकूर व आलिस हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन केलेला ‘कोन्सेन्टुस मुझिकुस’ हा वाद्यवृंद या चळवळीतील एक अग्रणी होय. सुमारे चार वर्षांच्या तालमीनंतर, १९५७ मध्ये त्याने पहिला जाहीर कार्यक्रम केला. पुढे १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हार्नोनकूर यांना केंद्रस्थानी ठेवून ‘श्टिरिआर्ते’ हा महोत्सव सुरू झाला. जुनी वाद्ये वापरली म्हणजे जुने संगीत आपोआप प्रामाणिक ठरते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात या वाद्यवृंदाच्या आधारे केला आहे.

वाद्ये आणि वादनरीती :
आधुनिक वाद्यवृंदात धातूच्या किंवा धातू गुंडाळलेल्या तारा रूढ आहेत. बरोक वाद्यवृंदात आतड्याच्या तारा वापरतात. गज बाहेरच्या बाजूस वळलेला व टोकाशी हलका असल्याने प्रत्येक स्वर उमटून लगेच विरत जातो. तुताऱ्या व शिंगे यांना झडपा नसतात. आजच्या ४४० ऐवजी बहुधा ४१५ कंपनसंख्येचा ‘ए’ स्वर धरला जातो. परिणामी नाद कमी भरीव, परंतु अधिक स्पष्ट होतो आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वरपंक्ती वेगवेगळ्या ऐकू येतात.

तथापि हार्नोनकूर यांच्या दृष्टीने वाद्य हे साधन होते, साध्य नव्हे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मुझिक आल्स क्लांगरेडे’ या ग्रंथात त्यांनी संगीताकडे नादरूप वक्तृत्व म्हणून पाहिले आहे. अठराव्या शतकाअखेरपर्यंतचे संगीत बोलते, त्यानंतरचे संगीत चित्र रंगवते, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच त्यांच्या सादरीकरणात सर्व मात्रांना समान वजन नसते. वाक्यात जसे काही शब्दांवर जोर पडतो व काही शब्द केवळ जोडण्याचे काम करतात, तसाच भेद मात्रांमध्ये केला जातो. गोड, अखंड प्रवाहाची सवय असलेल्या श्रोत्यांना हे वादन प्रारंभी खडबडीत वाटले, यात नवल नाही.

प्रामाणिकतेवरील आक्षेप :
या चळवळीवर दोन महत्त्वाचे आक्षेप घेतले गेले. आडोर्नो यांनी १९५१ मधील निबंधात बाखला पुराणवस्तूचे रूप देणाऱ्या प्रवृत्तीवर टीका केली. रिचर्ड तारुस्किन यांनी ‘टेक्स्ट अँड ॲक्ट’ (१९९५) मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्याला ऐतिहासिक म्हटले जाते ती वस्तुतः विसाव्या शतकाचीच अभिरुची आहे. महोत्सवाच्या संदर्भात दुसरा आक्षेप अधिक गंभीर ठरतो. बाखची उपासनासंगीते चर्चमधील प्रार्थनेचा भाग होती. महोत्सवात ती तिकीट काढून आलेला रसिक ऐकतो. वाद्य जुने असले तरी श्रोता जुना करता येत नाही.

कोन्सेन्टुसच्या कार्यातच या आक्षेपाचे उत्तर शोधता येते. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’च्या १९७० च्या ध्वनिमुद्रणात, लाइपझिगच्या चर्चमधील प्रथेस अनुसरून, स्त्री-आवाजांऐवजी मुलांचे आवाज योजले होते. त्याच रचनेच्या २००० मधील ध्वनिमुद्रणात मात्र प्रौढ स्त्रियांनी गायन केले. इतिहासाचा पुरावा बदलला नव्हता; बदलली होती ती अर्थाविषयीची प्राथमिकता. पुराव्याचे शब्दशः पालन आणि आशयाचे प्रकटीकरण यांत निवड करावी लागते, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणता येईल. जुलै २०१५ मध्ये श्टिरिआर्ते महोत्सवात याच वाद्यवृंदाने बेथोव्हेनची ‘मिस्सा सोलेम्निस’ सादर केली. ही रचना बरोक काळाबाहेरची आहे. म्हणजे वाद्यवृंदाची ओळख कालखंडापेक्षा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर आधारलेली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हार्नोनकूर निवृत्त झाले व ५ मार्च २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
तारुस्किन यांचा आक्षेप मान्य केला तरी या कार्याचे मोल उणावत नाही. ‘हेच मूळ रूप’ हा दावा टिकत नाही; परंतु सवयीने बोथट झालेले श्रवण पुन्हा सावध करण्याचे कार्य निश्चितच सिद्ध होते. महोत्सवाने प्राचीनतेचे आकर्षण एवढ्यावरच समाधान मानल्यास बरोक वाद्यवृंद केवळ प्रदर्शनीय ठरेल. त्यामुळे अशा सादरीकरणाचे मूल्यमापन करताना वाद्यांच्या वयापेक्षा त्यांतून रचनेचा कोणता अर्थ उलगडला, हा निकष प्रधान मानणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे.