ग्रीक वृत्तांतांतील गेड्रोशिया

मकरानास ग्रीक लेखक गेड्रोशिया म्हणतात. त्याविषयींची भीषण कल्पना मुख्यत्वें इ. स. पू. ३२५ मध्यें तेथून परतणाऱ्या अलेक्झांडरच्या सैन्याच्या हालांवरून बनली आहे. १,२०,००० पायदळ व १५,००० स्वार यांपैकीं चतुर्थांशहि परत आले नाहींत, असें प्लुटार्क लिहितो. चारशेंहून अधिक वर्षांनंतरच्या या आंकड्यावर भिस्त ठेवणें धाडसाचें होय.

एरिअनहि उत्तरकालीनच, पण ‘इंडिका’त त्यास नौदलाधिपति निआर्कस याच्या वृत्तांताचा आधार आहे. माशांच्या पिठाच्या भाकरी, श्रीमंतांचीं देवमाशांच्या हाडांचीं घरें, हें सारें तेथें तपशिलानें येतें. लोकांस नांव मात्र ‘मत्स्यभक्षक’ एवढेंच! आहारावरून ओळख ठरविणाऱ्यास त्यांचें स्वतःचें नांव विचारण्याची गरज भासली नाहीं.

परंतु त्याच ग्रंथांत एक लहानशी नोंद आहे. मोसार्ना येथें हायड्रासीज नांवाचा गेड्रोशियन वाटाड्या गलबतांवर आला व त्यानें कार्मेनियापर्यंत पोंचविण्याचें पत्करलें. तेथून पुढील मार्ग तितका अवघड उरला नाहीं, असें एरिअनच सांगतो. अन्नाचे हाल पुढेंहि सुटले नाहींत, हें खरें. तथापि ज्या किनाऱ्यास रानटी ठरविलें, त्याच किनाऱ्याच्या जाणत्या माणसावर आरमार विसंबलें होतें, आणि या प्रदेशाविषयीं प्लुटार्कच्या आंकड्याहून हायड्रासीजची नोंदच अधिक सांगते.