‘मी’चे लिंग आणि विद्यापीठाची भाषा

मराठीचे व्याकरण शिकविताना एका चमत्कारिक गोष्टीकडे आपण अध्यापक सहसा लक्ष देत नाही. ‘मी गेलो’ म्हणणारा पुरुष, ‘मी गेले’ म्हणणारी स्त्री. परंतु ‘आम्ही गेलो’ म्हणताच हा भेद विरघळतो. एकट्याने बोलावयाचे तर क्रियापद आधी लिंगाचा दाखला मागते, समूहात मिसळले की मागत नाही. (कोल्हापूरकडील स्त्रिया सहज ‘मी आलो’ म्हणतात आणि प्रमाणभाषेचे अभिमानी त्यांना हसतात, ही गोष्ट वेगळी.)

ग्लोरिया अन्सालदुआ यांच्या ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा’ (१९८७) या ग्रंथात नेमके उलट दृश्य दिसते. त्यांच्या घरच्या स्पॅनिशमध्ये स्त्रियाही ‘आम्ही’साठी पुल्लिंगी शब्दच वापरीत. त्याचे स्त्रीलिंगी रूप प्रथम कानी पडले तेव्हा त्या चकित झाल्या. टेक्साससारख्या सीमाप्रांतात वाढलेल्या या लेखिकेला शाळेत मधल्या सुटीत स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागल्या, महाविद्यालयात उच्चार ‘सुधारण्या’चे वर्ग सक्तीचे होते, आणि संशोधनासाठी आपल्याच समाजाचे वाङ्मय हा विषय मान्य करून घेण्यासाठी मार्गदर्शकांशी झगडावे लागले. समलिंगी प्रेमाची उघड कबुली हे त्याहून वेगळे प्रकरण नव्हते. घरच्या भाषेइतकेच तेही वर्गाबाहेर ठेवावयाचे होते. या ग्रंथात इंग्रजी आणि स्पॅनिश एकमेकींत शिरतात आणि वाचकाच्या सोयीसाठी प्रत्येक वेळी भाषांतर दिले जात नाही. काही पाने त्यामुळे अडखळवितात. ती अडखळ मला योग्य वाटते. आजवर ती एकाच बाजूच्या वाट्याला येत होती. २००४ मध्ये अन्सालदुआ वारल्या आणि सान्ता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली ती मरणोत्तर.

जसोंडीत बसून हे वाचताना परकेपणा फारसा जाणवत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. इकडील मराठी घरांतील मुलाची उंबऱ्याच्या आतली भाषा एक, तर शाळा-कचेरीची हिंदी. महाविद्यालयात गेल्यावर तिसरी, इंग्रजी, येते. ज्याला स्वतःच्या प्रेमाविषयीही बोलावयाचे आहे त्याने ते कोणत्या भाषेत बोलावे?

आपल्याकडे या प्रश्नाजवळ जाणारे मोठे नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१). सुमित्रा देव ही महाविद्यालयीन विद्यार्थिनी नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नमावर प्रेम करू लागते. शेवट आत्महत्येत होतो. तेंडुलकरांची सहानुभूती निःसंशय खरी आहे. परंतु दोन गोष्टी खटकतात. महाविद्यालयाचे वातावरण असूनही प्रमुख पात्रांत एकही अध्यापक नाही. शिक्षणसंस्था म्हणजे जणू केवळ नेपथ्य. दुसरी अधिक गंभीर: मित्रा आपल्यापर्यंत पोहोचते ती बापूच्या निवेदनातून. तिचे दुःख आपण पाहतो, पण तो सांगेल तेवढेच.

२०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून प्रवेशात आरक्षण देण्यास सांगितले. २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टचे काम उभारले आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. प्रवेशाचे दार अशा रीतीने किलकिले झाले आहे. परंतु आत आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या अनुभवावर प्रबंध लिहावयाचा म्हटला, तर त्याच्या ‘मी’ला ज्ञानाचा दर्जा देण्यास आपली मराठी विभागातील मंडळी सिद्ध आहेत काय? अन्सालदुआ यांचा झगडा प्रवेशानंतरचाच होता.

पुन्हा तेंडुलकरांच्या शीर्षकाकडे पाहावे. ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाची षष्ठी ‘मित्राची’ आणि ‘मित्रा’ या मुलीच्या नावाचीही ‘मित्राची’. नाटककाराने हे योजून केले असो वा नसो, विभक्तीच्या आडोशाला लिंग लपून राहते. रंगमंचावर मात्र गोष्ट सांगणाऱ्या बापूच्या ‘मी’ला त्याची अडचण एकदाही पडत नाही.