दार आपटून कथा संपत नाही

यंदाचे दिवाळी अंक वाचले आणि वैताग आला. नवऱ्याच्या मुठीतल्या बायकोवरच्या कथा ढीगभर आणि बहुतेकींचा शेवट एकच. ती मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवते, दार ओढते, निघते. इब्सेनच्या नाटकातली नोरा 1879 साली अशी गेली, ते ठीकच. मराठी कथेत ते दार अजून आपटतंच आहे.

निघालेली बाई रात्री कुठं झोपते? घनसावंगीहून निघाली तर जालन्याच्या स्टँडवर येईल. एसटीचं तिकीट बायकांना 2023 पासून निम्मं झालंय, तेवढाच आधार. पुढं माहेर. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून पाठवणी करणारी हीच माणसं. चार दिवसांनी भाऊच तिला परत आणून घालतो.

जुन्यांना हे ठाऊक होतं. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूचा नवरा भला आहे. तिला गिळतं ते घर, शंकरमामंजींसकट. हरिभाऊ आपटे ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापत होते त्याच सुमारास, 1892 मध्ये, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ आली. तिथला नवरा डॉक्टर आहे, प्रेमळ आहे आणि बायकोच्या भल्यासाठीच तिला लिहू देत नाही. तिथं सगळा जाच जवळजवळ एका माणसात मावतो. आपल्याकडं तो सासू, दीर, भावकी, शेजारपाजार असा वाटून दिलेला असतो. गिलमनच्या चालीवर लिहिणाऱ्यांना एवढं साधं कळू नये?

फडक्यांची कथा लग्नाच्या उंबऱ्याशी थांबते, सोडून देऊ. नवकथेला मन दिसलं, माजघर क्वचितच. गौरी देशपांडे थोरच; पण तिच्या नायिकांना विमानाचं तिकीट परवडतं आणि तिच्यामागून आलेल्यांनी नेमकं तेवढंच उचललं.

मला मोठी वाटते ती विभावरी शिरूरकरांची वाट. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 मध्ये आलं, लेखिकेचं खरं नाव झाकलेलं, आणि गदारोळ उठला. गदारोळ करणाऱ्यांना त्यात शरीर दिसलं. मला त्यात पगार दिसतो. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेत कमावती मुलगी वडिलांच्या वाढत्या संसाराला जुंपलेली आहे. लग्न होण्याआधीच तिचा तुरुंग बांधून तयार आहे आणि त्याची वीट न् वीट तिच्याच पैशातून आलीय. घुसमट, हुंदका, खिडकी हे नंतर. आधी हिशेब: पैसा कुणाचा, कुणाच्या हातात, कुणाच्या नावानं.

हीच नजर मराठवाड्यात रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (1971) आहे. कादंबरी म्हणतात तिला, पण जीव दीर्घकथेचा. गंगाराम शिंपी हेकट, बायकोचं ऐकेल तर शपथ. त्याच्या पडझडीची सगळी हकीकत सांगते ती पारबती, त्याची बायको, आपल्या बोलीत. ती कुठंही जात नाही. घरात राहूनच ती नवऱ्याला वाचकापुढं उभं करते. बंड म्हणायचं तर हे.

आता आजचं. अंबड, परतूर, मंठ्याहून जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, ती फेडायची दोघांनी. बायको निघून गेली तर कोयताच मोडतो आणि उचल डोक्यावर बसते. इथं लग्न हेच मजुरीचं माप झालंय. याहून घट्ट कोंडी कुठल्या फ्लॅटमध्ये आहे? तिच्या तोंडून सांगितलेली, ‘पाचोळा’च्या ताकदीची कथा मला तरी भेटलेली नाही. सहानुभूतीनं भिजलेल्या, बाहेरून पाहिलेल्या मात्र पुष्कळ.

लग्नातून निसटण्याची आपली सर्वांत गाजलेली गोष्ट याच जालना जिल्ह्यातली. जांबचा नारायण ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाला आणि पुढं समर्थ रामदास झाला, अशी आख्यायिका आहे. अंतरपाटाच्या पलीकडची मुलगी पळाली असती तर तिचं लोकांनी काय केलं असतं, ते सांगायला नको. तिची कथाही कुणी मनावर घेतलेली मला दिसली नाही. आम्हाला पळणाऱ्याचं कौतुक, मग तो नारायण असो की नोरा.

तेव्हा संपादकांना विनंती: पुढच्या दिवाळीला दार आपटणारी कथा आली की ती परत पाठवा. सोबत लेखकाला एवढंच विचारा, या बाईच्या नावावर काय आहे आणि उद्या सकाळी ती चहा कुणाच्या घरी पिणार. उत्तर आलं तर छापा.