टोपीखालचं कपाळ

जालन्यात आता वाढदिवसाच्या केकवर माणसं बसवतात. फॉन्डंटची, म्हणजे आयसिंग शुगर, लिक्विड ग्लुकोज, जिलेटिन आणि ग्लिसरीन एकत्र मळून केलेल्या साखरेच्या लगद्याची. नवरा-नवरी, डॉक्टरीणबाई, बॅट धरलेला मुलगा; कपडे ज्याचे त्याचे, कातडी मात्र सगळ्यांची एकच, फिकट गुलाबी. बाटलीतून निघते तशी. म्हणून जुन्या जालन्यातल्या एका अमृतमहोत्सवात केकवर बसलेले आजोबा पाहिले आणि पंगत सोडून मी तिथेच रेंगाळलो.

वीतभरही नसलेली आकृती. धोतर, सदरा, पांढरी टोपी, गुडघ्यांवर टेकलेले हात. चेहरा उन्हानं रापलेला, दाट तपकिरी. टोपी किंचित मागे सरकलेली, आणि तिच्या काठाखाली कपाळाची दोराएवढी पट्टी, चेहऱ्यापेक्षा चांगली दोन छटा उजळ. जन्मभर टोपी घालून शेतात वावरलेल्या माणसाचं कपाळ असंच असतं. आपण ते रोज बघतो, पण कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. करणारीनं ते टिपून ठेवलं होतं. बाकी काहीही नसतं आणि नुसती ती पट्टी असती, तरी मी या कामाला दाद दिली असती.

तपकिरी रंग साधणं दिसतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे खाण्यात घालायला परवानगी असलेले कृत्रिम रंग आठ: तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे, एक हिरवा. तपकिरी त्यांत नाहीच. बाटलीवर ‘चॉकलेट ब्राऊन’ लिहिलेलं असलं तरी आत मिश्रणच असतं, आणि पांढऱ्या साखरेत थोडं थोडं मिसळायला लागलं की ते फुटतं. कधी गुलाबी वर येतो, कधी नारिंगी. गुलाबी झाला तर हिरव्याचा कण द्यायचा, नारिंगी झाला तर निळ्याचा. कण म्हणजे टूथपिकच्या टोकावर राहील तेवढाच. शिवाय खरा रंग लगेच कळत नाही. मळलेला गोळा झाकून ठेवला की रंग रात्रभर मुरतो आणि सकाळी एक पायरी गडद झालेला असतो. तेव्हा हवा त्याहून फिकटच ठेवायचा आणि हात आवरायचा. जेल जास्त पडलं तर गोळा सैल होऊन बोटांना चिकटतो. गडद कातडी करायची तर जाणते हात नुसत्या जेलवर भिस्त ठेवत नाहीत, कोको पावडर मळतात. रंग येतो आणि ओल वाढत नाही. या आजोबांत कोको होता. जवळ वाकलं की वास यायचा.

हात तर बघत राहावेत असे. पाठ चेहऱ्याइतकी काळपट, तळव्याची कड फिकट. बोटांच्या पेरांवर, कानाच्या पाळीवर, नाकाच्या शेंड्यावर कोरड्या ब्रशनं विटकरी पावडर नुसती फिरवून घेतलेली. सुरकुत्यांत काळा भरलेला नाही. नवशिके तिथेच फसतात: सावळ्या चेहऱ्यावर सावली म्हणून काळा ओढतात आणि चेहऱ्यावर राखकळा येते. इथे सावलीला लालसर तपकिरी आहे, आणि उजेड पडतो तिथे पांढऱ्याऐवजी पिवळसर. इथून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जा, तिथल्या भिंतींवर हीच समज दिसेल. पहिल्या लेण्यात गोऱ्या, गव्हाळ, हिरवट-सावळ्या आकृती एकाच गर्दीत आहेत, आणि चितारणाऱ्यांची मुख्य सामग्री काय, तर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. नाकाच्या दांडीवर, ओठावर, हनुवटीवर फिकट रंगाचा एखादा फराटा, की चेहरा भिंतीतून पुढे येतो.

लहान आकृत्या घडवणं या जिल्ह्याला नवं नाही. भोकरदनला १९७३ साली झालेल्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला, आणि पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं. पण हस्तिदंत कोरणाऱ्याला कातडीचा रंग आयताच मिळतो. साखर कोरी पांढरी असते. माणूस किती सावळा करायचा, ते ठरवावं लागतं. तिथे ऑर्डर देणारे मध्ये येतात: ‘ताई, जरा उजळच घ्या.’

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात कातडीच्या रंगांची वर्गवारी आहे. गोऱ्याचे प्रकार पाच आणि सावळ्याचे बारा! मुगासारखा सावळा, दूर्वांच्या कोंबासारखा, पिवळसर, लालसर, पावसाळी ढगासारखा. लग्नाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांच्या वाचनात ते आलेलं दिसत नाही. केकवरच्या आजोबांना मी लालसर सावळ्यांत घातलं असतं, कपाळापुरतं पिवळसरांत.

उणं काढायचंच तर कपड्यांत आहे. टोपी, सदरा, धोतर पाकिटातून निघालेल्या पांढऱ्या फॉन्डंटचं आहे; त्याला किंचित मळवायला हवं होतं. एवढ्या कोऱ्या पांढऱ्याशेजारी कोणतीही कातडी असते त्याहून काळी दिसते. डोळ्यांचे पांढरेही तसेच, त्यामुळे नजर टकमक झाली आहे. पंचाहत्तरीच्या डोळ्यांत थोडा पिवळेपणा येतो. कपाळ टिपणाऱ्या नजरेतून तो कसा सुटला, कोण जाणे.

नातवाला ही आकृती शोकेसमध्ये ठेवायची होती. ठेवता येते, पण खिडकीपासून लांब. उजेडानं लाल छटा आधी उडतात आणि चेहरा आजारी माणसासारखा हिरवट पडायला लागतो. फ्रीजमध्ये ठेवावी तर बाहेर काढल्यावर जालन्याच्या पावसाळ्यात तिला दरदरून घाम फुटणार. तेव्हा खाऊन टाकणं बरं, असं एकजण म्हणाला. पण आजोबांना सुरी कुणी लावायची, यावर मी निघेपर्यंत घरात एकमत झालं नव्हतं.