शोधकर्त्याचे प्रतिज्ञापत्र आणि विद्यार्थ्याचे मौन

पेटंट अर्जातील शोधकर्त्याच्या प्रतिज्ञापत्रामागे पुरावा किती असावा, या प्रश्नाची चर्चा आपण बहुधा वकिलांवर सोपवितो. वस्तुतः तो प्रयोगशाळेचा प्रश्न आहे. शोधनिबंधावर तिघांची नावे आणि अर्जावर मात्र एकाचेच, असे असता उरलेल्या दोघांचे स्थान कोणी ठरवावयाचे?

या संदर्भात अमेरिकेतील १९८२ चा कॅट्झ निर्णय आधारभूत मानला जातो. कॅट्झ यांच्या अर्जाविरुद्ध त्यांचाच सहलिखित निबंध उभा राहिला. सहलेखक हे आपल्या देखरेखीखाली काम करणारे विद्यार्थी होते, असे त्यांनी प्रतिज्ञेवर सांगितले. अपील मंडळाला सहलेखकांचीही निवेदने हवी होती. न्यायालयाने ती अनिवार्य मानली नाहीत. लेखकत्व म्हणजे शोधकर्तृत्व नव्हे, हे तत्त्व रास्तच आहे. सांगितलेल्या चाचण्या पार पाडणारा शोधकर्ता ठरत नाही. परंतु येथे विद्यार्थ्यांचे स्थान गुरूच्या शब्दावर निश्चित झाले, हे नजरेआड करता येत नाही.

त्याच वर्षीच्या क्रोगर प्रकरणात अर्जाबाहेरील सहलेखकाने पत्र लिहून शोधावर आपला हक्क सांगितला, आणि अर्जदारांच्या प्रतिज्ञापत्रांनंतरही नकार कायम राहिला. म्हणजे बोलणाऱ्याचे पत्र मोजले जाते. न बोलणाऱ्याचे मौन मात्र अर्जदाराच्या पदरात पडते. ज्याची पदवी मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्या मौनाला संमती म्हणणे मला धाडसाचे वाटते.

याउलट, शोध कधी लागला या प्रश्नावर हीच व्यवस्था कठोर होती. लेसरसंबंधीच्या गूल्ड विरुद्ध शॉलो या १९६६ च्या निर्णयात, काम अखंड चालू होते एवढे सांगणे पुरेसे ठरले नाही. संपूर्ण कालावधीचा हिशेब मागितला गेला. तारखेसाठी जो काटेकोरपणा, तो माणसासाठी का नसावा?

आपल्या १९७० च्या कायद्यातील कलम २८ नुसार वगळलेल्या व्यक्तीस पेटंट मंजूर होण्यापूर्वी नामोल्लेखाचा दावा करता येतो. त्यासाठी अर्ज झाल्याचे कळावयास हवे. अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. तोवर विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो, आणि त्याच्या हस्ताक्षरातील तारीखवार नोंदींची प्रयोगवही मार्गदर्शकाच्या कपाटात असते.